घराचा दिलासा : मोह की धर्म?

गृहस्थाश्रमाविषयी एक शंका अनेक सत्प्रवृत्त माणसांच्या मनात येते, परंतु ती बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो. सर्व देशावर एखादे मोठे संकट कोसळते, सहस्रावधी घरे उद्ध्वस्त होतात, आणि त्याच वेळी आपण आपल्या घरी, आपल्या माणसांत बसून दोन घास खातो. मुलांचे चेहरे पाहून मनाला विसावा वाटतो. हा विसावा घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? दुसऱ्याच्या घरची चिता जळत असता आपल्या चुलीची ऊब सुखाची वाटावी, हा मोह म्हणावा की धर्म?

ही शंका मला ग्रंथ वाचताना आली नाही. ती सन २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दिल्लीतील माझ्या राहत्या घरी आली. पंचांगाप्रमाणे तो चैत्राचा वद्यपक्ष होता. उत्तरेकडील गणनेने वैशाख लागला होता. १९ एप्रिलच्या रात्रीपासून शहरात टाळेबंदी होती. दिवसाला चारशेच्या आसपास, आणि कधी त्याहूनही अधिक, मृत्यूंची नोंद होत होती. प्राणवायूच्या एकेका सिलिंडरसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे राहत होते. माझे घर यमुनेच्या पूर्वेस, इंद्रप्रस्थ विस्तार या वसाहतीत आहे. तेथून गाझीपूरची स्मशानभूमी दूर नाही. चितांना जागा अपुरी पडल्यामुळे तेथे वाहने उभी करण्याच्या आवारातही चिता रचाव्या लागल्या. देशभर किती घरे त्या दोन महिन्यांत रिती झाली, हे वाचकांना सांगावयास नको. अनेकांनी ते स्वतः भोगले आहे.

त्या दिवसांत मी गीतेवरील शांकरभाष्याचा मराठी अनुवाद करीत होतो. तेराव्या अध्यायात जेथे ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत, तेथे येऊन मी अडलो होतो. पुत्र, पत्नी, गृह यांविषयी ज्ञानी पुरुषाची वृत्ती कशी असावी, हे सांगताना भगवंतांनी 'अनभिष्वंग' हा शब्द योजला आहे. त्याच्या आधीच 'असक्ती' येऊन गेली आहे. मग हा दुसरा शब्द कशासाठी? मी प्रथम 'अनासक्ती' असे लिहिले, मग ते खोडले. कारण त्याने दोन शब्दांतील भेद नाहीसा होत होता.

आमच्या समोरच्या घरात एक वृद्ध पंजाबी दांपत्य राहत असे. मुले परदेशात. त्या गृहस्थांना सर्व जण बाऊजी म्हणत. एका रात्री त्यांनी आमचे दार वाजविले. पत्नीचा श्वास वर लागला होता. मी तोंडाला मुखपट्टी बांधून उंबरठ्याशी उभा राहिलो, रुग्णवाहिकेसाठी दोन ठिकाणी फोन केले, त्यांना आणखी एक क्रमांक लिहून दिला, आणि दार लावून घेतले. घरात वृद्ध आई होती, नऊ वर्षांची मुलगी होती. मी त्यांच्या घरात गेलो नाही, याबद्दल मला कोणी दोष देणार नाही, आणि मीही देत नाही. त्या रोगात विवेक तोच होता.

परंतु पुढे जे घडले ते विवेकाचे नव्हते. रुग्णवाहिका आली व गेली. मी आत आलो. आई, पत्नी, मुलगी, तिघी एका ओळीत झोपल्या होत्या. त्यांचा संथ श्वास ऐकत मी अंधारात बसलो, आणि माझ्या मनात एक तृप्ती उमटली. 'आपली सर्व माणसे सुखरूप आहेत.' त्या तृप्तीत मला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी बाऊजींना साधा फोनही केला नाही. तेव्हा कळले की त्यांची पत्नी पहाटेच गेली होती. गाझीपूरला आपला क्रमांक येईपर्यंत ते एकटेच बसून राहिले होते, आणि अग्नी देताना त्यांच्या शेजारी स्मशानातील सेवकांखेरीज कोणी नव्हते.

उंबरठा न ओलांडण्याचे कारण भीती हे होते, आणि ती भीती रास्त होती. फोन न करण्याचे कारण मात्र भीती नव्हते. ते कारण घराचा दिलासा हेच होते. त्या उबेत मला दुसऱ्याचे विस्मरण झाले होते. म्हणून माझी शंका ही केवळ पंडिती शंका राहिली नाही.

आता शब्दाकडे वळू. 'स्वंज्' या धातूचा अर्थ मिठी मारणे असा आहे. त्याला 'परि' हा उपसर्ग लागला म्हणजे 'परिष्वंग', अर्थात आलिंगन. काव्यांत व पुराणांत हा शब्द प्रेमाने येतो. त्याच धातूला 'अभि' लागला म्हणजे 'अभिष्वंग'. आचार्यांच्या विवरणाचा आशय असा की, ही आसक्तीचीच एक विशेष जात आहे. तीत दुसरा आणि आपण यांत अंतरच उरत नाही. त्याचे सुख तेच माझे सुख, त्याचे मरण तेच माझे मरण, असे मनुष्यास वाटू लागते.

येथे एक अडचण उभी राहते. सहाव्या अध्यायात भगवंतांनी श्रेष्ठ योगी म्हणून ज्याचा गौरव केला आहे, तोही दुसऱ्याच्या सुखदुःखाला परके मानीत नाही. स्वतःच्या अनुभवाचे माप लावून तो सर्वांचे सुखदुःख जाणतो. मग एके ठिकाणी दुसऱ्याचे दुःख आपले मानणे हे बंधन, आणि दुसऱ्या ठिकाणी तोच योग, हे कसे? 'सहाव्या अध्यायात सर्वांविषयी म्हटले आहे, आणि तेराव्यात केवळ पुत्रपत्नींविषयी,' हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. कारण जे विष आहे ते सर्वत्र पसरल्याने अमृत होत नाही. भेद केवळ विस्ताराचा नसावा. तो वृत्तीचाच असला पाहिजे. तो भेद मला व्यासांनी स्त्रीपर्वात दाखविला.

महायुद्ध संपले आहे. कुरुक्षेत्रावर सर्व राष्ट्राची माणसे पडली आहेत. शंभर पुत्र गमावलेला धृतराष्ट्र पांडवांना भेटावयास येतो. विदुराने आणि संजयाने त्याला तत्त्वज्ञान पुष्कळ सांगितले आहे. देह नाशवंत आहे, संयोगाला वियोग लागलेलाच आहे, हे सर्व तो ऐकून चुकला आहे. आणि तरीही भीमाला मिठी मारण्याची वेळ येते, तेव्हा त्या मिठीत त्याला मारण्याचाच संकल्प असतो. श्रीकृष्णाने भीमाऐवजी लोखंडी पुतळा पुढे केला, म्हणून भीम वाचला. पुतळ्याचा मात्र चुरा झाला. आपल्या भाषेत 'धृतराष्ट्राची मिठी' हा वाक्प्रचार तेथूनच आला आहे. आपण तो कपटी प्रेमाविषयी वापरतो. परंतु ती मिठी शोकाचीही होती, हे आपण विसरतो. ज्याने आयुष्यभर 'माझे पुत्र' या दोन शब्दांपलीकडे काही पाहिले नाही, त्याच्या शोकाला दुसऱ्याचे शरीर चिरडण्याखेरीज वाट उरली नाही. हा अभिष्वंग.

त्याच पर्वात थोडे पुढे दुसरा प्रसंग आहे. द्रौपदीचे पाचही पुत्र मारले गेले आहेत. ती भूमीवर पडून आक्रोश करीत आहे. कुंती तिला उठविते आणि तिला घेऊन गांधारीकडे जाते. कोणाकडे? जिचे शंभर पुत्र द्रौपदीच्या पतींनी मारले, तिच्याकडे. गांधारी तिला मुलगी म्हणून हाक मारते, आणि तिच्या बोलण्याचा भावार्थ एवढाच आहे की, माझ्याकडेही पाहा; जशी तू तशीच मी; आपले सांत्वन आता कोण करणार? येथे उपदेश फार नाही. सांत्वन करणारीचे स्वतःचे सांत्वन झालेले नाही. तरीही महाभारतातील सर्वांत खरे सांत्वन, माझ्या अल्प मतीप्रमाणे, हेच आहे. गांधारी स्वतःच्या दुःखावरून द्रौपदीचे दुःख ओळखते.

आता भेद स्पष्ट होतो. अभिष्वंगात मनुष्य दुसऱ्यामध्ये स्वतःलाच पाहतो. योग्याच्या वृत्तीत तो स्वतःवरून दुसऱ्याला पाहतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत डोळ्यांत पाणी येते, दोन्हींत हात पुढे होतात. परंतु एकात 'माझे' जपले जाते, आणि दुसऱ्यात समोरचा मनुष्य दिसतो.

'पण ज्याला स्वतःचा पुत्र, स्वतःची कन्या प्रिय आहे, त्याला ती दिसत नाही असे कसे म्हणता?' असे कोणी विचारील. याचे उत्तर मला बाऊजींच्या तोंडून मिळाले. ते कसे, हे सांगावयास हवे.

बाऊजी घरी परतल्याचे कळताच आईने मुगाची मऊ खिचडी केली आणि डबा भरून त्यांच्या दाराबाहेर ठेवला. मी म्हणालो, "आई, मी फोन करायला हवा होता." ती म्हणाली, "अरे, झालं ते झालं. आता रोजचा डबा तू ठेवायचास." पंधरा दिवसांनी बाऊजींचा विलगीकरणाचा काळ संपला. मग रोज सायंकाळी दोन्ही घरांची दारे उघडी राहू लागली. त्यांची खुर्ची त्यांच्या दारात, आईची आमच्या दारात, मध्ये जिन्याची मोकळी जागा. आई बारा वर्षांपूर्वी विधवा झाली. तिने त्यांना आत्म्याचे अमरत्व सांगितले नाही. ते सांगण्याचा अधिकार कदाचित मला असेल, तिला त्याची गरज वाटली नाही. तिने विचारले, "बहनजी उन्हाळ्यात लोणचे कोणते घालीत असत?" बाऊजी दोन क्षण गप्प राहिले, आणि मग अर्धा तास बोलत राहिले. त्या रात्री माझ्या वडिलांच्या आठवणीने आईला रडताना मी कित्येक वर्षांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी ती मला अधिक हलकी दिसली.

अशाच एका सायंकाळी बाऊजींनी आपल्या बालपणीची गोष्ट सांगितली. सन १९४७ मध्ये ते सात वर्षांचे होते. त्यांचे कुटुंब लायलपूरहून निघाले आणि कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत येऊन पडले. त्या वर्षीच्या अखेरीस तेथे तंबूंतून जवळजवळ तीन लाख माणसे राहत होती. फाळणीने बेघर झालेल्यांची ती देशातील सर्वांत मोठी छावणी. ज्या क्षेत्री स्त्रीपर्वाचा आक्रोश झाला, त्याच क्षेत्री पुन्हा एकदा सर्व राष्ट्राचा शोक एकवटला होता. वाटेत त्यांची तरुण आत्या हरवली होती. आजोबांनी तिच्यासाठी अन्न जवळजवळ सोडले होते. रात्री तिचे नाव घेत. काही महिन्यांनी ती सापडली. तिला घेऊन माणसे तंबूपाशी आली, तेव्हा तेच आजोबा तंबूच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. 'लोक काय म्हणतील' एवढेच ते म्हणत होते. तेव्हा आजी बाहेर आली आणि म्हणाली, "ही आत येणार नसेल, तर मीही बाहेरच राहीन." तिने मुलीला आपल्या ओढणीत घेतले, आणि दोघी आत गेल्या.

ही एका घराची गोष्ट नाही. त्या काळी पळवून नेलेल्या व परत आलेल्या शेकडो कन्यांना त्यांच्याच घरांनी दार लावले. म्हणून गांधीजींना दिल्लीतील प्रार्थनासभांतून आणि पंडित नेहरूंना जाहीर आवाहन करून सांगावे लागले की, या मुली निर्दोष आहेत, त्यांना सन्मानाने घरी घ्या. सन १९४९ मध्ये अशा स्त्रियांच्या सुटकेसाठी कायदाही झाला. परंतु कायदा मनुष्याला उंबरठ्यापर्यंतच आणू शकतो.

त्या आजोबांचे मुलीवर प्रेम नव्हते असे नाही. त्यांनी तिच्यासाठी अन्न सोडले होते. पण ज्या मुलीसाठी ते रडत होते, तिच्यात ते आपले कुळ, आपली अब्रू, आपले गतवैभव पाहत होते. प्रत्यक्ष मुलगी, जखमी, भेदरलेली, दाराशी आली, तेव्हा ती त्यांना दिसली नाही. आजीला ती दिसली. पतीचाही शोक खरा, पत्नीचाही खरा. एक अभिष्वंग, दुसरा परिष्वंग. मी बाऊजींना विचारले, "आजोबांचे पुढे काय झाले?" ते म्हणाले, "पंडितजी, शेवटच्या आजारात त्यांची सेवा आत्यानेच केली. ते तिच्याशिवाय कोणाच्या हातून पाणी घेत नसत." मनुष्याची मिठी सुधारू शकते, हेही मला तेव्हा कळले. धृतराष्ट्रानेही लोखंडी पुतळा मोडल्यानंतर पांडवांना रडत रडत जवळ घेतलेच होते.

आता माझ्या त्या रात्रीच्या तृप्तीचा निवाडा करणे सोपे झाले. ती तृप्ती कुटुंबावरील प्रेमामुळे सदोष झाली नव्हती. ती सदोष होती, कारण तीत कुटुंबही मला दिसत नव्हते. याचा पुरावा माझ्या मुलीने दिला. त्या दिवसांनंतर पुष्कळ काळाने ती एकदा सहज बोलून गेली की, टाळेबंदीत ती रोज रात्री उठून आजीच्या नाकापाशी बोट धरून पाहत असे, श्वास चालू आहे की नाही. त्याच खोलीत, तिच्यापासून दोन हातांवर, मी तिचा श्वास ऐकून संतुष्ट होत होतो. आणि ती जागी होती, भ्यालेली होती, हे मला ठाऊक नव्हते. तिच्या श्वासात मी माझेच कुशल ऐकत होतो. दार बंद करून घेतलेला दिलासा बाहेरच्या दुःखाला मुकतो, एवढेच नव्हे, तो आतल्या दुःखालाही मुकतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. राष्ट्रावर संकट आले असता घराचा आधार घेणे हा मोह नव्हे. मनुष्याला आपला शोक कोठे तरी खाली ठेवावा लागतो, आणि ती जागा भगवंतांनी गृहस्थाला घरात दिली आहे. युद्धानंतर युधिष्ठिराने राज्य सोडून वनात जाण्याचे ठरविले, तेव्हा भावांनी, द्रौपदीने व ऋषींनी त्याला परावृत्त केले, हे शांतिपर्वाच्या आरंभी आले आहे. त्याला घरी परत आणले ते सुखोपभोगासाठी नव्हे. त्या घरात पुत्रहीन झालेले धृतराष्ट्र व गांधारी होते. पुढे पंधरा वर्षे युधिष्ठिराने त्यांचा मान राखला. भीमाच्या तोंडून मात्र कटू शब्द निघतच राहिले, आणि अखेर ते वृद्ध दांपत्य वनात गेले, हेही व्यासांनी लपविलेले नाही. शोकानंतरचे घर असेच असते. त्यात सर्व मने एकाच वेळी निवत नाहीत. म्हणून ते घर सोडून द्यावयाचे नसते.

मात्र या दिलाशाची एक कसोटी आहे, आणि ती प्रत्येक गृहस्थाने स्वतःस लावून पाहावी. घरातून उठताना दुसऱ्याच्या दुःखाकडे जाण्याचे बळ वाढले काय? वाढले असेल, तर तो दिलासा धर्म आहे. दुसऱ्याचे विस्मरण झाले असेल, तर तो अभिष्वंग आहे, मग त्याला वात्सल्य हे नाव द्या किंवा कर्तव्य. त्याच संकटात, आमच्या घरापासून फार दूर नाही अशा इंदिरापुरम येथे, गुरुद्वाऱ्याच्या सेवकांनी रस्त्यावर प्राणवायूचे लंगर चालविले. श्वास अडलेला कोणीही यावा आणि तेथे श्वास घ्यावा. घरातील पंगतीचा विस्तार कोठवर होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. आपल्याला तितके जमले नाही तरी एक डबा जमतो, एक फोन जमतो, आणि सायंकाळी अर्धा तास दार उघडे ठेवणे तर सर्वांनाच जमते.

ज्यांचे घरच उरले नाही, त्यांना हे सर्व कसे लागू पडावे? त्यांना उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच सांगेन की, गांधारी व द्रौपदी यांना जोडणारे रक्ताचे नाते नव्हते, आणि जिन्याच्या दोन बाजूंना बसलेल्या त्या दोन वृद्धांतही नव्हते. समदुःखी माणसे एकमेकांकडे पाहू लागली म्हणजे तेथे घर पुन्हा सुरू होते.

माझा अनुवाद पुढे पूर्ण झाला. त्या अडलेल्या शब्दासाठी मला अखेर आपल्याच बोलीतील शब्द सापडला. मराठीत आपण मूल 'कवेत घेतो', आणि बुडणारा मनुष्य वाचविणाऱ्याला 'कवटाळतो'. पहिल्यात आधार आहे, दुसऱ्यात दोघांचाही घात आहे. 'अनभिष्वंग' या शब्दासमोर मी 'पुत्र, पत्नी, गृह यांना कवटाळून न बसणे' असे लिहिले. कवेत घेण्यास भगवंतांनी कोठेही मना केलेले नाही.